पाठकोऱ्या कागदांवरची अस्वलं

काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या पाठीला पत्रा बांधलेला होता. गोडेतेलाच्या पंधरा किलोच्या डब्याचा पत्रा, कापून सपाट केलेला आणि सुतळीनं छातीशी आवळलेला. ठाण्याला टेंभी नाक्याच्या एका गल्लीत आमचा छापखाना होता. खाली मशीन आणि खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या केसेस, वर लाकडी पोटमाळ्यावर प्रूफ तपासायचं टेबल. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी डबा आणि छत्री सांभाळत तो जिना चढून वर आले, तर हे गृहस्थ ताठ बसून कोणाच्या तरी लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचत होते. मान वळवता येत नव्हती, म्हणून समोर बघतच त्यांनी विचारलं, "अहो बाई, माझ्या सदऱ्यावर डाव्या खांद्याखाली कुठे घासल्याची खूण दिसतेय का?"

मी भीत भीत पाहिलं. दिसत होती.

"वाटलंच," ते समाधानानं म्हणाले. "म्हणजे तिथे कातड्याची पट्टी लागणार. अस्वलालासुद्धा तिथेच काचेल."

तेवढ्यात त्या लग्नपत्रिकेतले वरपिते प्रूफ बघायला वर आले आणि जिन्यातच थबकले. त्यांच्या मागून मालक आले. आमचे मालक प्रसंगावधानी. "पाठीचा त्रास आहे हो त्यांना," ते म्हणाले, "डॉक्टरांनी पट्टा दिलाय." वरपित्यांनी सहानुभूतीनं आपल्याही मणक्याची हकीगत सांगितली. काकांनी ती पत्र्यासकट ऐकून घेतली, मधूनमधून हूं म्हटलं, आणि पत्रिकेतलं आजोबांचं राहिलेलं नाव दाखवून दिलं. मी बाजूला उभी राहून विचार करत होते की उद्या यायचं की नाही. तीन महिन्यांच्या बोलीवर मला घेतलं होतं. घरी दुसऱ्या कोणाची नोकरी नव्हती, त्यामुळे मी आले.

काका त्या छापखान्यात तेवीस वर्षं मुद्रितशोधक होते. दिवसभर लोकांच्या पत्रिका, अहवाल, आरत्या, श्राद्धाची कार्डं तपासायची, आणि उरलेल्या वेळात चिलखत घालणाऱ्या अस्वलांची कादंबरी लिहायची. ती गेली कित्येक वर्षं चालू होती. राक्षस नाहीत, पऱ्या नाहीत, राजपुत्र तर नाहीच. काळडोंगर नावाच्या कुठल्याशा मुलखात राहणारी, बोलणारी, विचार करणारी, काळ्या वाळूतून लोखंड गाळणारी अस्वलं. प्रत्येक अस्वल आपलं चिलखत स्वतः घडवतं, सतरा तुकड्यांचं. त्या तुकड्यांना काकांनी नावं दिली होती: गळपट्टी, खांदेकरी, पाठफळी, पोटझाप, गुडघवाटी. कल्याणच्या एका तांबटाकडे जाऊन त्यांनी गुडघवाटी खरोखर ठोकून घेतली होती. तांबटानं विचारलं, कशाचं झाकण? काका म्हणाले, गुडघ्याचं. तांबटानं पुढे काही विचारलं नाही.

अस्वलांचे नियमही होते आणि काका ते सरकारी कायद्याइतक्या गांभीर्यानं सांगायचे. चिलखत घालून झोपायचं नाही. लहान पिलाला दुसऱ्याच्या चिलखताला हात लावू द्यायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चिलखत घालून खायचं नाही. "अंगावर लोखंड ठेवून जेवणं म्हणजे वाढणाऱ्यावर संशय घेणं," ते म्हणायचे. "माझं अस्वल उपाशी मरेल, पण हे करणार नाही."

मी एकदा विचारलं, "पण काका, ही अस्वलं तर कुणाशी लढतच नाहीत. मग चिलखत कशाला?"

"भीती वाटते म्हणून," ते म्हणाले. "अगं, एवढं धिप्पाड जनावर आहे म्हणून त्याला भीती वाटत नसेल असं कुणी सांगितलं तुला?"

भीतीबद्दल काकांना विचारावं. जिना उतरताना ते दर संध्याकाळी अर्ध्यातून परत वर जायचे, दिवा मालवलाय का बघायला. तो मालवलेला असायचा, आणि हे त्यांना माहीत असायचं. सोडा वॉटरच्या बाटल्यांच्या दुकानासमोरून जाताना ते रस्ता ओलांडायचे, कारण बाटली फुटते. डोंबिवलीला घरी पोचल्यावर शेजाऱ्यांच्या फोनवरून छापखान्यात फोन करायचे, "पोचलो." मालक सुरुवातीला चिडायचे, नंतर त्यांनाच फोन आला नाही की चुकल्यासारखं व्हायला लागलं. आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचे, पण मला ते सगळं ओळखीचं वाटायचं. मीसुद्धा परीक्षेला जाताना हॉलतिकीट नऊदा बघणारी मुलगी. काकांच्या शेजारी बसले की आपण एकट्या नाही एवढं तरी कळायचं.

या सगळ्या भीतींच्या खाली त्यांची खरी भीती होती, आणि ती त्यांनी मला एका दुपारी डबा खाता खाता सांगितली. त्यांचे वडील खडवलीला शाळामास्तर होते. साठीला लागले आणि विसरायला लागले. आधी मुलांची नावं, मग पाढे, मग घराची वाट. एके सकाळी काका डोंबिवलीहून भेटायला गेले. वडिलांनी त्यांना पाटावर बसवलं, स्वतः भात वाढला, आणि अतिशय आदरानं विचारलं, "आपण कोणाकडचे?"

काकांनी एवढं सांगून डब्याचं झाकण लावलं. "मला आता अठ्ठावन्नावं चालू आहे," ते म्हणाले.

म्हणून रोज सकाळी चहाच्या आधी मला त्यांची परीक्षा घ्यावी लागायची. चिलखताचे सतरा तुकडे सरळ, मग उलटे. मग कल्याणपासून कसाऱ्यापर्यंतची स्टेशनं, शहाड, आंबिवली, टिटवाळा, अशी. मग मी विचारायचं, काल डब्यात काय होतं? परवा कुणाचं प्रूफ वाचलं? ते घडाघडा सांगायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मी "बरोबर" म्हटलं की त्यांचे खांदे खाली यायचे आणि मग चहा. एखाद दिवशी मी गमतीनं उशिरा "बरोबर" म्हटलं, तर त्यांचा चेहरा असा उतरला की मी पुन्हा ती थट्टा केली नाही.

कादंबरी छापायचं मालकांनी कबूल केलं होतं. कामातून मशीन मोकळं मिळेल तसं एकेक प्रकरण जुळवायचं, छापायचं, खिळे सोडवून पुढचं घ्यायचं. आठ प्रकरणं अशी छापून झाली होती. आता आमच्या धंद्यात प्रूफ दोघांनी वाचायचं असतं. एकानं मूळ हस्तलिखित हातात धरून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रूफ समोर ठेवून पेन्सिल चालवायची. हस्तलिखिताला आम्ही कॉपी म्हणायचो. काकांचा दंडक होता की आपल्या पुस्तकाची कॉपी आपण बघायची नाही. "लिहिणाऱ्याला कागदावर नसलेलंही दिसतं. त्याचा काही भरवसा नाही." म्हणून त्यांच्या अस्वलांची कॉपी माझ्या हातात असायची आणि ते फक्त ऐकायचे. माझ्या आवाजातून आपलं लिखाण ऐकताना ते ओठ हलवायचे.

ही कॉपी पाठकोऱ्या कागदांवर होती. छापखान्यात जुन्या प्रुफांचे ढीग असतात, एका बाजूला छापलेलं, दुसरी बाजू कोरी. काकांनी अख्खी कादंबरी त्या कोऱ्या बाजूंवर लिहिली होती. चांगला कागद आणा म्हटलं तर म्हणायचे, चांगल्या कागदावर हात थरथरतो. तिची एकच प्रत होती. आणि जुन्या प्रुफांचा छापखान्यात दुसराही एक उपयोग असतो. मशीनचे रोलर पुसायला त्यांच्यासारखा कागद नाही. त्यामुळे काकांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं की कॉपी खाली नेशील तेव्हा हस्ताक्षराची बाजू वर, आणि वर पितळी वजन. मी मान डोलावली होती.

नवरात्राच्या आधीचे दिवस होते. टेंभी नाक्यावर मांडव उभा राहत होता, आमच्याकडे मंडळांची पत्रकं, पावतीपुस्तकं, कार्यक्रमपत्रिका असा सगळा मारा. सगळ्यांना सगळं कालच हवं होतं. त्या गडबडीत मालक म्हणाले, अस्वलाचं नववं प्रकरण खाली देऊन ठेवा, दसऱ्यानंतर लगेच घेऊ. ते प्रकरण मी आधी दोनदा वाचलं होतं, एकदा आवडलं म्हणून आणि एकदा वाचनाची तयारी म्हणून. सोळा पानं घेऊन मी खाली गेले. खिळे जुळवणारे जेवायला गेले होते. मालकांनी हाक मारली, "अगं, फोन घे, मंडळाचा आहे, सचिवाच्या नावाचं काय ते लिहून घे." मी पानं मशीनशेजारच्या स्टुलावर ठेवली आणि धावले. कुठली बाजू वर होती ते मी बघितलंच नाही. सचिवाच्या नावावरून मंडळात भांडण होतं, ते फोनवरच चालू झालं. पंधरा मिनिटं गेली.

परत आले तर स्टूल रिकामं. मशीनवरचे दादा, बाळकुमचे कोळी, काळी शाई काढून लाल लावायच्या तयारीत होते.

"दादा, इथे कागद ठेवलेले..."

"कनचे कागूद? ते जुने प्रूफ? आता लाल लावाची हाय ना, म्हून रॉकेल मारला नि रोलर पुसला त्यान." माझ्याकडे बघून त्यांचा हात थांबला. "काय झाला गो?"

"काही नाही," मी म्हटलं.

मशीनखाली ते काळे, ओले बोळे पडले होते. मी एक उलगडला. वरच्या बाजूला कुठल्याशा पतपेढीचा अहवाल होता. मागच्या बाजूला, रॉकेलमध्ये पसरलेल्या निळ्या शाईत, 'धुरकी' एवढा एक शब्द वाचता येत होता.

धुरकी ही त्या कादंबरीतली नायिका. म्हातारी अस्वलीण. नवव्या प्रकरणात तिचेच लोक तिला काळडोंगराबाहेर घालवतात. ती पुराच्या नदीपाशी येते. चिलखत घालून उतरली तर बुडणार. मग ती एकेक करून सतरा तुकडे उतरवते, वेलीनं मोट बांधते आणि मोट ओढत नदी पार करते. पलीकडे एक धनगरीण तिला भाकरी देते. चिलखत खडकावर वाळत घालून धुरकी उघड्या अंगानं बसून ती खाते. एवढं मला नीट आठवत होतं. वाक्यं मात्र आठवत नव्हती.

त्याच वेळी वर जाऊन सांगायला हवं होतं. मी जिन्याच्या दोन पायऱ्या चढलेही. वर काका गुणगुणत होते. माझी तीन महिन्यांची बोली अजून संपली नव्हती, आणि त्याहून जास्त म्हणजे त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. मी परत खाली आले. घरी जाऊन सलग तीन दिवस मी ते प्रकरण लिहिलं. त्यांच्यासारखी लहान वाक्यं, त्यांच्यासारखं पुन्हा पुन्हा 'आणि'. सोळा पानं झाली. जुळवणाऱ्यांना सांगितलं, काकांचं अक्षर लागत नव्हतं, सुवाच्य करून आणलंय. त्यांना बरंच वाटलं.

दसरा झाल्यावर प्रूफ निघालं. दुपारी काका टेबलाशी बसले, पेन्सिलीला टोक काढलं. मी समोर बसले. माझीच पानं त्यांची कॉपी म्हणून हातात धरली. कॉपी ते बघणार नाहीत हे मला माहीत होतं. त्यांच्या नियमाचाच मी असा उपयोग केला, हे आजही लिहिताना मला लाज वाटते.

मी वाचत गेले. नदी आली, मोट बांधली, धुरकी पाण्यात उतरली. पेन्सिल थांबली.

"परत," काका म्हणाले.

मी परत वाचलं. मला वाटलं स्वल्पविराम राहिला असेल. त्यांनी काही खूण केली नाही. "पुढे," म्हणाले. धुरकी पलीकडे पोचली, तिनं चिलखत चढवलं, धनगरिणीनं भाकरी दिली, धुरकीनं ती खाल्ली.

पेन्सिल टेबलावर पडली.

"चिलखत घालून?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. लिहिताना मला तिचं ते परक्या माणसापुढे उघड्या अंगानं बसणं बघवलं नव्हतं, म्हणून मी तिला आधी सगळे तुकडे चढवले होते. काकांचा सगळ्यात मोठा नियम मी मोडला होता आणि मला पत्ताही नव्हता.

"कॉपीत असंच आहे?" काकांनी विचारलं.

अजूनही वेळ होती. मी म्हटलं, "हो."

त्यांनी मागितली असती तर मी पानं पुढे केली असती. त्यांनी मागितली नाहीत. माझ्यावर संशय घ्यावा असं त्यांच्या मनातही आलं नाही. "हे मी कधी लिहिलं?" ते हळूच म्हणाले. मला नव्हे, स्वतःलाच. मग प्रूफ नीट घडी करून ठेवलं, चष्मा काढला, आणि साडेतीन वाजता, तेवीस वर्षांत पहिल्यांदा, लवकर घरी गेले. दिवा मालवलाय का बघायला परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही. चौथ्या दिवशी चिठ्ठी आली. मालकांनी ती वाचून दाखवली: पुस्तकाचं काम थांबवावं, आपण यापुढे कामावर येऊ शकणार नाही, तपासलेल्या कामात चुका राहून छापखान्याचं नाव खराब होऊ नये. "डोकं चालत नाही म्हणतात," मालक म्हणाले. "अरे, माझ्या मुलीच्या लग्नातल्या पंगतीची यादी तोंडपाठ आहे या माणसाला!" दादा मशीनवरून म्हणाले, "मानूस घाबरला हाय. कनी घाबरवला त्याला?" मी पोटमाळ्यावर जाऊन बसले. मी पानं हरवली होती, ते एक वेळ सोसलं असतं. पण त्यांनी आयुष्यभर जी गोष्ट होऊ नये म्हणून रोज सकाळी परीक्षा दिली, ती झाली असं मी त्यांना पटवून दिलं होतं.

रविवारी मी डोंबिवलीला गेले. रामनगरात दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. दार उघडंच होतं. काकू मीटरखाली स्टुलावर उभ्या होत्या, हातात फ्यूज, आणि काका दोन्ही हातांनी स्टूल धरून होते.

"ये गं," मला बघून काका म्हणाले. "हिला फ्यूजची वायर बांधायला शिकवतोय. पुढे हिलाच करावं लागेल."

"तेहतीस वर्षं स्टुलावर चढू दिलं नाही, पडशील म्हणून," काकू वरून म्हणाल्या. "आता चार दिवसांत दुसऱ्यांदा चढवलं. काल गॅसचा रेग्युलेटर, परवा बँकेचं पुस्तक. यांना झालंय तरी काय, तू तरी सांग."

मी तिथेच, दारात उभी राहून सांगितलं. एका दमात. पानं, स्टूल, रॉकेल, लाल शाई, तीन दिवस लिहिणं, सगळं. "ते प्रकरण तुम्ही लिहिलेलंच नाही काका. मी लिहिलंय. तुम्ही काही विसरला नाहीत."

काकांनी काकूंना हात देऊन खाली उतरवलं. मग माझ्याकडे बघून ते केविलवाणं हसले. "हिनं पाठवलं ना तुला?"

"मी कशाला पाठवू?" काकू म्हणाल्या. "मला तिचं घर तरी ठाऊक आहे का?"

"मग मालकांनी. भले माणूस आहेत. पण असं खोटं बोलून काय होणार, मुली? माझ्या वडिलांनाही आम्ही असंच सांगायचो. तुम्ही नाही विसरलात, आम्हीच सांगितलं नव्हतं."

आता मात्र मला रडू फुटलं. मी शपथा घ्यायला लागले. काकांनी हात वर करून मला थांबवलं, आतून कागद आणि पेन आणलं, आणि आपल्या टेबलाशी मला बसवलं.

"तू लिहिलंस म्हणतेस ना? मग तिथून पुढे लिही. भाकरी खाऊन झाली, आता काय? दोन पानं. इथे, माझ्यासमोर."

मी लिहायला बसले. ते माझ्या मागे उभे. काकूंनी पोहे आणून ठेवले, ते गार झाले. चांगलं लिहावं की वाईट, हेच मला कळेना. चांगलं झालं तर ते म्हणतील हे माझंच. मग मी विचार करायचं सोडलं आणि नुसतं लिहीत गेले. धुरकी धनगरिणीच्या झोपडीत बसली, तिला सारखं वाटत होतं की बाहेर कोणीतरी आलंय, ती उठून दार बघून आली, परत बसली, परत उठली.

काकांनी दोन्ही पानं उभ्या उभ्या वाचली. एकदा, मग पेन्सिल घेऊन दुसऱ्यांदा.

"ही धुरकी नाही," ते म्हणाले. "धुरकी दार बघायला कशाला उठेल? ही कोण तरी घाबरट मुलगी आहे अस्वलाच्या कातड्यातली." त्यांचा आवाज चढत गेला. "आणि 'अंधुकसा आवाज'? अंधुक दिसतं! आवाज अंधुक असतो होय? हे मी सात जन्मांत लिहिणार नाही. अगं, ऐकलंस का?" ते स्वयंपाकघराकडे वळून ओरडले, "हे मी लिहिलेलं नाही!"

काकू झारा हातात घेऊन बाहेर आल्या. काका हसत होते आणि डोळे पुसत होते. काकू तिथेच भिंतीला टेकून खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. मी आयुष्यात इतकं वाईट लिहिल्याचा आनंद पुन्हा कधी घेतला नाही.

रागावतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "रॉकेल लावून पुसले?"

"हो."

"मग गेलीच ती पानं. घे, नवीन कागद घे. अक्षर न् अक्षर सांगतो. डोक्यात आहे सगळं."

येरझारा घालत त्यांनी सांगायला सुरुवात केली. एकदाही अडले नाहीत. धुरकीला काळडोंगराबाहेर घालवतात. ती नदीपाशी येते. नदीला पूर असतो. मी भरभर लिहीत होते, मोट बांधायची वाट बघत होते.

"आणि धुरकी काठावर बसली," काका म्हणाले. "तिला पलीकडे जायचंच नव्हतं."

माझं पेन थांबलं. "नदी ओलांडत नाही?"

"ओलांडते कशाला? तोच तर तुझा घोटाळा!" ते खुशीत म्हणाले. "तू तिला नदीत घातलंस तेव्हाच मी हादरलो. माझी धुरकी त्या प्रकरणात नदी ओलांडतच नाही. ती थांबते. पाणी उतरेपर्यंत अकरा दिवस थांबते. म्हातारी आहे ती, अक्कल आहे तिला."

नदी मी त्यांच्याच निळ्या अक्षरात वाचली होती. दोनदा. सतरा तुकडे, वेल, मोट, पैलतीरावरचा खडक. दहावं प्रकरण अजून छापखान्यात माझ्या खणात होतं आणि त्याची पहिलीच चार वाक्यं त्या खडकावर वाळणाऱ्या चिलखताबद्दल होती. मी काकांकडे पाहिलं. इतके मोकळे मी त्यांना कधीच पाहिले नव्हते. दोन्ही हात पसरून ते पूर किती होता ते दाखवत होते. मी खाली मान घालून लिहीत राहिले. लिहिणाऱ्याच्या डोक्यात एका प्रकरणाच्या चार तऱ्हा असतात, कागदावर एक उतरते, त्यांना दुसरी आठवली असेल, असं मी स्वतःला समजावत होते. त्यांनी सांगितलेलं प्रकरण सुंदर होतं, हरवलेल्यापेक्षाही कदाचित सुंदर. पण ते हरवलेलं प्रकरण नव्हतं.

शेवटचं वाक्य सांगून ते माझ्यासमोर बसले. काकूही आल्या.

"तू वाचलं होतंस," काका म्हणाले. "खरं सांग हं. कुठे चुकलो?"

दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते.

"कुठेच नाही," मी म्हटलं. "अगदी असंच होतं, काका."

सोमवारी काका कामावर आले. दादांनी खालून ओरडून स्वागत केलं, मालकांनी पेढे आणले. मी त्या दिवशी तासभर आधी आले होते. दहाव्या प्रकरणाचं पहिलं पान मी नव्यानं उतरवून काढलं, आणि खडकावरची ती चार वाक्यं त्यात घेतली नाहीत. मूळ पान बारीक बारीक फाडलं. नववं आणि दहावं, दोन्ही जुळवायला खाली दिली.

आठवड्यानं प्रुफं आली. नववं वाचून झालं, काका खूश होते. दहावं घेतलं. मी कॉपी हातात धरली आणि मूळच्या पाचव्या वाक्यापासून वाचायला सुरुवात केली. माझी नजर कागदावर कमी आणि त्यांच्या पेन्सिलीवर जास्त होती. ती थांबावी म्हणून मी मनात देवाची आळवणी करत होते. थांबली असती, त्यांनी विचारलं असतं की माझा खडक कुठे गेला, तर मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवून सगळं कबूल केलं असतं.

पेन्सिल पहिल्या ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेली, मग तिसऱ्या.

"छान," काका म्हणाले. "पुढे वाच."